हॉलिसबाईंचा डोंगर

"अजून वर घ्या," हॉलिसबाई म्हणाल्या. "खालचा दांडा जमिनीला टेकलेला आर्थरला चालायचा नाही."

मी काठी अजून वर घेतली. या काठीच्या टोकाला बेचकं असतं. त्यात चित्राची दोरी अडकवायची आणि चित्र उचलून धरायचं. भिंतीवर चित्राचा आकडा होता, पण तो खिडकीसमोर, आणि गॅरीला तिथला उजेड फोटोसाठी नको होता. म्हणून भिंतीचं काम मी करत होतो. माझे दंड भरून आले होते. गॅरी म्हणत होता, जरा हलू नकोस.

गॅरी आमचा मॅनेजर. घर क्रॉयडनमधलं, विकलेलं, अर्धं रिकामं झालेलं. हॉलिसबाईंचा नवरा आर्थर आदल्या वर्षी वारला होता. बाई आता पुतणीच्या घराजवळ केअर होममध्ये राहायला जाणार होत्या. तिथे एक खोली. एका भिंतीत दार, एकीत खिडकी, एकीला कपाट. राहिली एक. त्या भिंतीवर हे चित्र लावायचं की नाही, एवढ्यासाठी आम्हाला बोलावलं होतं. बरोबर एक साइडबोर्ड, म्हणजे भांडी ठेवायचं बुटकं लांब कपाट, विकायचा होता. गॅरी आला होता तो साइडबोर्डसाठी.

मी कोण ते सांगतो. मी वामन. शाळा सातवीपर्यंत. राहतो ईलिंगला. आधी एअरपोर्टवर कार्गोत होतो, मग या ऑक्शन हाउसला लागलो. ऑक्शन हाउस म्हणजे लोकांच्या जुन्या वस्तूंचा लिलाव करणारं ऑफिस. मी तिथे पोर्टर. पोर्टर म्हणजे स्टेशनवरचा हमाल नव्हे, पण त्याच्यापासून फार लांबचाही नव्हे. वस्तू घरून आणायच्या, न फोडता ठेवायच्या, लिलावाच्या दिवशी एप्रन घालून लोकांपुढे वर धरायच्या. कागदावर मी रिटायर आहे. माणूस कमी पडला की बोलावतात, मी जातो. बायको सुमन यंदा एप्रिलमध्ये वारली. घरी बसलो की शेजारीण केक आणून देते. मला केक आवडत नाही.

एक आधीच सांगून टाकतो. इथली सगळी बोलणी इंग्रजीत झाली. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, त्यामुळे लिहिताना मी माझ्या मनाने लावलंय. हॉलिसबाईंना तुम्ही. गॅरीला तू, तो माझ्या मुलीच्या वयाचा आहे. बाई मला मिस्टर व्हॅनमॅन म्हणत. वामनचं त्यांनी तसं ऐकलं. मी व्हॅन चालवत नाही, पण त्यांच्या दारात व्हॅनमधूनच उतरलो होतो, तेव्हा त्यांचं फारसं चुकलं असं नाही.

आता चित्र. ऑफिसात याला स्क्रोल म्हणतात. कागदावर शाईने काढलेलं चित्र, ते रेशमी कापडावर चिकटवलेलं, वर बारीक पट्टी, खाली गोल दांडा. दांड्याभोवती खालून वर गुंडाळायचं आणि लाकडी पेटीत ठेवायचं. या चित्रात वरती डोंगर होता, काळ्या शाईचा. खाली झाडं, झोपडी, एक लाकडी पूल. पुलावर मुंगीएवढा माणूस, हातात काठी. कोपऱ्यात उभी अक्षरं आणि एक लाल शिक्का. बाकी कोरं. डोंगर आणि पूल यांच्या मध्ये तर काहीच काढलेलं नव्हतं. आमच्याकडे कोणी भिंत रंगवायला येऊन मधला भाग असा सोडून गेला असता तर सुमनने त्याला रस्त्यावरून परत बोलावला असता.

बाईंनी हकिकत सांगितली. आर्थर जहाजावर इंजिनिअर. तरुणपणी जपानच्या एका बंदरात त्याने हे चित्र घेतलं. दुकानदाराने कोपऱ्यातली अक्षरं बोट ठेवून वाचून दाखवली. त्यात एका जुन्या चिनी उस्तादाचं नाव होतं. तेव्हापासून आर्थर सांगायचा की हे चित्र त्या उस्तादाच्या हातचं. त्याचा भाऊ डेझमंड म्हणायचा की हा बंदरावरचा माल, खलाशांना विकतात तो, उद्या टॉवेलवर पण मिळेल. दर ख्रिसमसला जेवताना हा विषय निघे. एका ख्रिसमसला डेझमंडने आर्थरला खरोखरच टॉवेल प्रेझेंट दिला.

"आर्थर हसला," बाई म्हणाल्या. "पण तो टॉवेल त्याने कुत्र्याला वापरला."

आर्थर हे चित्र वर्षभर लावत नसे. पानं गळायला लागली की काढायचा, थोडे आठवडे लावायचा, आणि पुन्हा गुंडाळून पेटीत. जपानमध्ये असंच करतात म्हणे. उजेडाने कागद पिवळा पडतो, आणि रोज दिसलं की माणूस बघायचं सोडतो.

"तुमची अट काय आहे?" गॅरीने विचारलं. त्याला निघायचं होतं.

"आर्थरचं खरं असेल तर ते माझ्याबरोबर येईल," बाई म्हणाल्या. "डेझमंडचं खरं असेल तर नाही. माझ्याकडे एकच भिंत आहे. तिच्यावर मला डेझमंड नको."

गॅरी म्हणाला की आम्ही रूथला विचारतो. रूथ आमच्या ऑफिसात चीन-जपानच्या वस्तू बघते. तिला तिकडची अक्षरं वाचता येतात. मी काठी खाली घेतली. चित्र गुंडाळताना मी सवयीप्रमाणे घट्ट गुंडाळायला लागलो, तर बाई म्हणाल्या, "सैल. श्वास घेता आला पाहिजे." मी सैल केलं.

परत येताना व्हॅनमध्ये डबा उघडला. व्हॅन चालवतो तो क्लाइव्ह. त्याचे आईवडील जमैकाचे, हा इथेच जन्मला. वर्षानुवर्षं आम्ही एका डब्यात जेवतो. सुमन त्याच्या वाटची भाकरी वेगळी द्यायची. त्याला सुक्या जवळ्याची चटणी सगळ्यात प्रिय. वासामुळे गॅरीने ती ऑफिसात खायची बंदी केली, म्हणून आम्ही व्हॅनमध्ये खातो. आता चटणी मी करतो. सुमन करायची तशीच करतो. जवळा धुऊन, कोरडा भाजून, कांदा, मिरची, लसूण. रोज क्लाइव्ह एक घास खातो आणि थांबतो.

"जवळ आलं?" मी विचारतो.

"ती नाही," तो म्हणतो.

"कॉपी आहे," मी म्हणतो. "ओरिजिनल एप्रिलमध्ये संपलं."

खाऊन मात्र सगळं टाकतो.

बुधवारी साइडबोर्ड आणायला मी आणि क्लाइव्ह पुन्हा क्रॉयडनला निघालो. निघताना गॅरीने हाक मारली.

"रूथचं उत्तर आलंय. बाईंना सांगून टाक." त्याने मोबाइलवर वाचलं. "जपानी. लँडस्केप. शाई, कागद. आफ्टर, आणि पुढे एक चिनी नाव."

"मग?"

"मग काही नाही. पुढे बरंच आहे."

"पुढे काय आहे?"

"पुढे रूथ आहे. तुला माहितीय ती कसं लिहिते. आफ्टर आहे एवढं सांग."

आता हा शब्द समजावून सांगतो, कारण सगळं त्यावरच झालं. कॅटलॉगमध्ये चित्रकाराचं नाव नुसतं छापलं असेल तर चित्र त्याच्या हातचं. नावाआधी अॅट्रिब्युटेड असेल तर आमच्या मते त्याचं, पण शपथ घेणार नाही. सर्कल ऑफ असेल तर त्याच्या आसपासच्या कोणाचं तरी. आणि आफ्टर असेल तर दुसऱ्याच कोणीतरी नंतर त्याचं चित्र समोर ठेवून उतरवलेलं. आम्ही पोर्टर लोक आफ्टरला कॉपी म्हणतो. आफ्टरवालं चित्र आलं की ते मागच्या रॅकला जातं, छत्र्यांच्या बाजूला. इतकी वर्षं मी हेच ऐकलं आणि हेच केलं.

हॉलिसबाईंनी दार उघडलं तेव्हा त्या बाहेर जायचा कोट घालून तयार होत्या. बाहेर कुठे जायचं नव्हतं.

"काय निकाल?"

"आफ्टर," मी म्हणालो.

"आफ्टर म्हणजे काय?"

"कॉपी."

बाईंनी कोटाची बटणं काढली. कोट खुंटीला लावला. मग म्हणाल्या, "डेझमंडला कळवावं लागेल."

"जिवंत आहेत?"

"हो. तब्येत उत्तम आहे."

मी आणि क्लाइव्हने साइडबोर्ड उचलला. दारातून काढताना बराच वेळ गेला. बाई तोवर जिन्याच्या पायरीवर बसून होत्या. नंतर त्यांनी पेटी आणली आणि माझ्या हातात दिली. हॉलमध्ये एका बाजूला टाकायच्या सामानाचा ढीग होता. इस्त्रीचं टेबल, पडद्याचे दांडे, चीज वितळवायचं भांडं, कुत्र्याची टोपली. उद्या सकाळी क्लिअरन्सवाले येणार होते. घर रिकामं करून देणारी माणसं. जे मिळेल ते नेतात, विकण्याजोगं विकतात, बाकीचं कौन्सिलच्या डंपवर.

"तिकडे ठेवा," बाई म्हणाल्या.

मी ठेवली. टोपलीच्या बाजूला.

"मिस्टर व्हॅनमॅन, तुम्ही रोज अशी चित्रं बघता. तुम्हाला ते वाईट वाटलं?"

"मला ते अर्धं कोरं वाटलं."

"मला पण," बाई म्हणाल्या. "आर्थर म्हणायचा, तिथे धुकं आहे."

"असेल."

"मी लग्नापासून बघतेय. मला कागद दिसतो."

मी पावतीवर सही घेतली आणि निघालो. व्हॅनमध्ये क्लाइव्ह म्हणाला, "कॉपी म्हणायची गरज होती का?" मी म्हणालो, विचारलं तर सांगायला नको? तो म्हणाला, "तू डॉक्टर झाला नाहीस ते बरं."

ऑफिसला आल्यावर साइडबोर्ड उतरवत होतो, तेव्हा रूथ खाली आली.

"हॉलिसबाई खूश झाल्या का?"

"उद्या टाकतायत," मी म्हणालो.

"काय टाकतायत?"

"डोंगर."

रूथच्या हातात चहाचा मग होता. तो तिने साइडबोर्डवर ठेवला, खाली काही न घालता. आमच्या ऑफिसात यावर माणसाला बोलणी बसतात. मी मग उचलून हातात धरला.

"का टाकतायत?"

"तू लिहिलंस ना, आफ्टर."

"मी पुढे आणखी पानभर लिहिलं होतं."

"ते गॅरीकडे आहे."

ती मला वर घेऊन गेली आणि कंप्युटरवर गॅरीने काढलेला फोटो मोठा करून दाखवला. एका कडेला माझा अंगठा होता. कोपऱ्यातल्या अक्षरांवर तिने बोट ठेवलं, त्या जपानच्या दुकानदाराने ठेवलं असेल तसं.

"हे त्या चिनी उस्तादाचं नाव. आर्थरने बरोबर ऐकलं होतं. पण नावाच्या आधी एक अक्षर आहे. त्याचा अर्थ, त्यांच्या पद्धतीने. आणि खाली हे दुसरं नाव आणि शिक्का आहे, तो काढणाऱ्याचा. तो जपानी. त्याने चित्रावर स्वतःच लिहून ठेवलंय, मी अमक्या उस्तादाच्या मागून हा डोंगर काढला."

"म्हणजे कॉपी."

"नाही. कॉपी म्हणायला समोर एक चित्र लागतं. हा पूल, ही झोपडी, हे त्या उस्तादाने कुठे काढलेलं मला माहीत नाही. पूल याचा स्वतःचा आहे. डोंगर कसा उभा करायचा, कुठे शाई पातळ करायची, कुठे हात आवरायचा, ते तेवढं त्या उस्तादाचं."

मग तिने सांगितलं ते मला समजलं तेवढं लिहितो. जपानमध्ये पुष्कळ चित्रकार असे झाले की ज्यांनी चीन कधी पाहिला नाही. तिकडे जायची सोय नव्हती किंवा बंदी होती. जहाजातून जुनी चिनी चित्रं यायची. त्या चित्रांवरून हे लोक चीनचे डोंगर शिकले. कोणी फसवत नव्हतं. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव कोपऱ्यात लिहायचं, खाली आपलं लिहायचं. त्यात कमीपणा नव्हता. उलट नाव लिहिलं नाही तर कमीपणा.

"मग आफ्टर का लिहिलंस?" मी विचारलं. "आमच्याकडे आफ्टर छत्र्यांजवळ जातं."

"इंग्रजीत दुसरा शब्द नाही मला," रूथ म्हणाली. "तुमच्या भाषेत आहे का?"

मी म्हणालो बघतो. आणि बाईंना फोन लावला. फोन वाजत राहिला. घर सोडायचं म्हणून लाइन बंद केली असेल, किंवा बाईंना ऐकू आलं नसेल. संध्याकाळी घरून परत लावला. तेच.

मग मुलीला केला. प्रज्ञा वॉटफर्डला असते. जन्म इथला, नोकरी इथली. मराठी बोलते, पण तिच्या मराठीत पुरुषाची बाई आणि बाईचा पुरुष कधी होईल सांगता येत नाही.

"प्रज्ञा, आफ्टरला मराठीत काय म्हणतात?"

"नंतर. बाबा, तुम्ही ठीक आहे ना?"

"ठीक आहे. नंतर नको. दुसरा सांग. एक माणूस गेल्यावर मागे दुसरा असतो, तसा."

"मी येऊ का तिकडे?"

"कशाला? शब्द विचारलाय."

ती म्हणाली, "तो मेसेजमध्ये होता ना. आईची मेसेज. विहाराच्या ग्रुपवर आली होती. मी तुम्हाला विचारली होती, पश्चात्ताप का लिहिलंय."

हे मी विसरलो होतो. सुमन गेली तेव्हा आमच्या बुद्धविहाराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप टाकला होता. खाली नेहमीचं वाक्य. त्यांच्या पश्चात पती, मुलगी, जावई, नात असा परिवार आहे. प्रज्ञाने तो मोठ्याने वाचला आणि मला विचारलं, बाबा, आईला कसली पश्चात्ताप झाली? आईबरोबर सिरियली बघून तिला तो एक शब्द पक्का येतो. घरात लोक बसले होते. हसावं की नाही, कोणाला कळेना. मी हसलो. त्या आठवड्यात तेवढंच.

"पश्चात," मी म्हणालो.

"हां. तेच. बाबा, जेवला का?"

"जेवलो."

"काय?"

"जवळा."

"आईचा जवळा?"

"आईचा कुठून येईल," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

गुरुवारी माझी सुट्टी होती. सकाळी लवकर निघालो. ईलिंगहून क्रॉयडनला जायचं म्हणजे लंडन तिरकं कापायचं. दोन ट्रेन आणि शेवटी ट्राम. एका ट्रेनमध्ये ड्रायव्हरने सांगितलं की पुढच्या स्टेशनवर थांबतोय, कारण समजलं की कळवतो. कारण त्याला समजलं नाही. मी बाईंच्या गल्लीत पोचलो तेव्हा क्लिअरन्सची व्हॅन दारात उभी होती आणि तिचं मागचं दार उघडं होतं. इस्त्रीचं टेबल आत गेलेलं दिसलं. कुत्र्याची टोपलीही.

मी एप्रन घातलेला होता. मुद्दाम घातला होता. या धंद्यात एप्रनवाल्याला कोणी विचारत नाही. मी सरळ व्हॅनमध्ये चढलो.

"आमच्यातला का?" आतला माणूस म्हणाला.

"ऑक्शनवाला."

"मग ही गादी धर."

मी गादी धरली. गादीच्या मागे पेटी सापडली. उघडली. रिकामी.

"यातलं चित्र कुठे आहे?"

"आम्ही काही उघडत नाही," तो म्हणाला. "मागे एकदा कुणाचा तरी आजोबा निघाला. राख."

मी पेटी काखेत मारून घरात गेलो. पुढची खोली पूर्ण रिकामी. खुर्ची एक. तिच्यावर हॉलिसबाई, कोट घालून. समोरच्या भिंतीवर आकडा, आणि आकड्यावर डोंगर लटकत होता. जरा वाकडा. बाजूला भिंतीला पडद्याचा दांडा टेकवलेला, त्याच्या टोकाला तारेचा हँगर बांधलेला. बाईंचा उजवा खांदा नीट वर जात नाही. हे त्यांनी कसं केलं असेल ते मी विचारलं नाही.

"पानं गळायला लागलीत," बाई म्हणाल्या. "म्हणून लावलं. त्यांना म्हटलं, हे सगळ्यात शेवटी न्या."

मी धापा टाकत होतो. बाईंनी खुर्चीवरून उठून मला बसायला सांगितलं. मी बसलो नाही, त्याही बसल्या नाहीत. खुर्ची मध्ये तशीच राहिली.

"मी चुकीचं सांगितलं," मी म्हणालो. "कॉपी नाही."

"मग आर्थरचं बरोबर होतं?"

"नाही."

मी रूथकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. चित्र जपानी माणसाचं. नाव त्याने चिनी उस्तादाचं लिहिलं, कारण हात त्याच्याकडून शिकला. खाली स्वतःचंही लिहिलंय. आर्थरने नाव बरोबर ऐकलं, पण अर्धंच ऐकलं.

"म्हणजे आर्थर चुकला."

"चुकला."

"आणि डेझमंड?"

"तोही चुकला. हा बंदरावरचा माल नाही. रूथ म्हणते, काढणारा चांगला आहे. पूल तर त्याचा स्वतःचा आहे."

बाईंनी थोडा विचार केला.

"डेझमंड किती चुकला?"

"आर्थरपेक्षा जास्त," मी म्हणालो. हे रूथने सांगितलं नव्हतं.

बाई चित्राजवळ गेल्या. पुलावरच्या माणसाकडे बघितलं.

"हा जो काढणारा आहे, त्याने तो चीनमधला डोंगर बघितला होता?"

"नाही. चित्रात बघितला."

"आणि ज्याच्याकडून शिकला तो?"

"तो याच्या पुष्कळ आधी मेला. हा त्याच्या पश्चात."

शब्द मराठीतच निघाला. बाईंनी विचारलं, तो काय शब्द आहे. मग सांगावं लागलं. आमच्यात माणूस गेलं की निरोप लिहितात. आधी गेलेल्याचं नाव, मग हा शब्द, आणि त्यापुढे जे राहिले त्यांची नावं. माझ्या बायकोच्या निरोपात होता. त्यापुढे पहिला मी.

"केव्हा गेल्या?"

"एप्रिलमध्ये."

"बोलला नाहीत."

"साइडबोर्डसाठी आलो होतो."

बाईंनी मान हलवली. त्यांना ते पटलं असावं. मग म्हणाल्या, "स्वयंपाक कोण करतं?"

"मीच. ती करायची तेच करतो. कॉपी."

"कॉपी नाही, असं तुम्ही आत्ता क्रॉयडनपर्यंत येऊन सांगितलंत," बाई म्हणाल्या.

क्लिअरन्सवाला दारात येऊन म्हणाला, आता हे शेवटचं न्यायचं का. बाई म्हणाल्या, "हे नाही. खुर्ची न्या." त्याने खुर्ची नेली. मग मी त्या हँगरच्या दांड्यानेच चित्र खाली घेतलं. हँगर वाईट नव्हता. आम्ही दोघांनी ते जमिनीवर पसरलं आणि खालच्या दांड्यापासून गुंडाळत वर गेलो. आधी पूल गेला, मग झोपडी, मग तो मधला कोरा भाग आला.

"इथे जरा थांबा," बाई म्हणाल्या.

थांबलो. दोघंही बघत होतो.

"धुकं दिसतंय का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो. "पण कोरंही नाही वाटत."

"हं," बाई म्हणाल्या. "चला. सैल गुंडाळा."

नंतर त्यांच्या पुतणीचा ऑफिसला फोन आला होता. चित्र खोलीत आहे. डेझमंड येऊन बघून गेला. म्हणाला, म्हणजे शेवटी चिनी नाहीच ना. बाई म्हणाल्या, नाही, आणि तुझा टॉवेलही नाही. पानं गळून झाल्यावर त्यांनी ते उतरवायला लावलं. भिंत आता रिकामी आहे. स्टाफने तिथे कॅलेंडर लावायचं विचारलं, तर नाही म्हणाल्या.

गॅरीला मी म्हणालो की ईमेल शेवटपर्यंत वाचत जा. तो म्हणाला, तू आधी एका शब्दात निकाल द्यायचं बंद कर. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून विषय तिथेच संपला.

यातून मी शिकलो ते एवढंच. ऑफिसचा एप्रन बाहेर घालून जायला हरकत नाही. तो कामाला येतो. ऑफिसचा शब्द मात्र ऑफिसात काढून ठेवावा. कोणाच्या घरात नेला तर तिथे त्याचा अर्थ भलताच होतो.

पुढच्या वेळी कामावर गेलो तेव्हा लॉट नंबरची चिठ्ठी असते ना, वस्तूला चिकटवायची, तसली एक घेऊन डब्याच्या झाकणाला लावली. क्लाइव्हने व्हॅनमध्ये डबा हातात घेतला आणि वाचलं.

"आफ्टर सुमन," तो म्हणाला. "म्हणजे कॉपी?"

"नाही."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला, चटणी घेतली, खाल्ली. थांबला.

"लसूण जास्त आहे. ती एवढा घालायची नाही."

"लसूण माझा आहे," मी म्हणालो.